आमच्या नळातून आलेली कावीळ

दुष्काळात सगळ्यांचीच लघवी पिवळी होते. पाणी कमी प्यायचं, ऊन जास्त, मग होणारच. म्हणून माझी पिवळी झाली तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. ओकाऱ्या येत होत्या, पण मला सातवा महिना सरत आलेला. अन्नाचा वास नको झाला होता, तेही पोटातल्या बाळाच्या नावावर गेलं. थकवा म्हणावा, तर त्या उन्हाळ्यात गावात न थकलेली बाई कोण होती? कावीळ माझ्या अंगात आली ती अशी. प्रत्येक खुणेला दुसरं एखादं कारण आधीपासून तयार होतं.

हे आता लिहायला बसले ते माझ्या भाचीमुळं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या गल्लीत कावीळ निघाली आणि तिला पाचवा महिना होता. तिनं फोनवर विचारलं, "आत्या, तुला पोटुशी असताना झाली होती ना? काय काय झालं होतं ते सांग की." सांगता सांगता लक्षात आलं, हे सगळं मी सलग असं कुणालाच सांगितलेलं नाही. घरातल्यांना तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे. ज्यांच्यासमोर बोलणं अवघड होतं ती माणसंही आता राहिली नाहीत.

खड्ड्यातला नळ

माझं माहेर नांदेड. लग्न होऊन मी अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात आले. सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, गावचे सरपंच होते. वेशीजवळ किराणा-भुसाराचं दुकान, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंग, आणि बोलणं मोजकं. गावाला नळयोजना अप्पांनी आणली होती. त्यासाठी आधी जुन्या जिल्ह्याच्या गावी खेपा घातल्या. मग मधेच लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच कामासाठी नव्या कचेऱ्या शोधत फिरले. ओढ्याकाठी विहीर, तिच्यावर पंप, शाळेमागं उंच टाकी आणि तिथून गल्लोगल्ली पाईप. पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी अप्पांनी टाकीला नारळ फोडला. बायका त्यांच्या पाया पडायला आल्या होत्या, असं सासूबाई, म्हणजे अव्वा, मला किती वेळा सांगायच्या.

मग लागोपाठ पाऊस गेला. विहिरीचा तळ दिसायला लागला. सरकारी टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. ते पाणी पंपानं टाकीत चढवायचं आणि चार-सहा दिवसांआड थोडा वेळ सोडायचं. पाण्याला जोर कसला तो नव्हताच. उभ्या नळापर्यंत ते चढायचंच नाही. म्हणून लोकांनी नळाचे दांडे काढून टाकले, पाईप उघडा पडेपर्यंत खड्डे खणले आणि खड्ड्यात उतरून तिथंच तांब्या लावायला सुरुवात केली. आमच्या अंगणातही अप्पांनी गड्याकडून असा खड्डा खणून घेतला. शेजारून गटार जायची. पाणी बंद असताना खड्ड्यात जे काही झिरपायचं ते त्या उघड्या पाईपच्या तोंडाशी साचून राहायचं. पंप बंद झाला, पाईप रिकामा झाला, की तो ते आत ओढून घ्यायचा. पुन्हा पाणी सुटलं की तेच सगळ्यांच्या घागरीत.

गावात एक आरोग्यसेवक यायचे. त्यांनी हे अप्पांना दोनदा समजावून सांगितलं होतं. टाकीत जंतू मारायची पावडर टाकायचंही तेच बजावून जायचे. पण पावडर टाकली की पाण्याला दवाखान्यासारखा वास मारायचा. आधीच घोटभर पाणी, त्यात तो वास, लोक कुरकुर करायचे. "अप्पा, तुमचं पाणी पोरं पिईनात," म्हणायचे. "तुमचं पाणी" हे अप्पांना लागायचं. त्यांनी पंप चालवणाऱ्याला सांगितलं, "पावडरीला जरा दमानं घे." त्यानं इतकं दमानं घेतलं, की टाकणंच बंद झालं.

उन्हात बघितलेले डोळे

आमच्या समोर काशीकाकूंचं घर. त्यांची लेक सुमन धर्माबादला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला माझ्यापेक्षा दीड महिना जास्त झाला होता. आम्ही दोघी दुपारी ओट्यावर बसायचो. तिला पोटाला हात लावून हसायची सवय होती, जणू आतल्यानं काही विनोद केलाय.

एका सकाळी ओट्यावर ज्वारी निवडत होतो. ऊन सरळ तोंडावर. ती मान वर करून काहीतरी सांगायला लागली आणि मी तिच्या डोळ्यांकडं बघतच राहिले. पांढरं जिथं असतं तिथं हळद होती.

मी म्हणाले, "सुमन, तुझे डोळे बघ गं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. हसू गेलं तिचं. म्हणाली, "वैनी, तुमचे बी."

आमच्या दोघींचं निदान असं झालं, एकमेकींच्या तोंडून. भाचीला मी हेच आधी सांगितलं. डोळे आरशात बघू नकोस, घरातल्या दिव्यात बघू नकोस. उन्हात बस आणि दुसऱ्या कुणाला तरी बघायला लाव.

घरात बोलाचाली झाली. आमचे हे म्हणाले, अहमदपूरला डॉक्टरला दाखवू. अप्पा म्हणाले, "काविळीला डॉक्टरकडं औषध न्हाई. समद्यांना ठावं हाय. माळ घालू." शेजारच्या गावात काविळीची माळ घालणारा एक म्हातारा होता. त्याला मी आजही वाईट म्हणणार नाही. त्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही. दोघींच्या डोक्यावर मुळ्यांच्या तुकड्यांची बारीक माळ ठेवली. ती सुकेल तशी लांबत जाते, गळ्यात येते, खाली उतरते, आणि उतरली की कावीळ उतरली असं मानायचं. चुन्याच्या पाण्यात आमचे हात धुतले. पाणी पिवळं झालं तसे सगळे "हाव, निघून राहिली" म्हणाले. मलाही बरं वाटलं. भ्यालेल्या माणसाला कुणीतरी हात धरून काही केलं, की बरंच वाटतं.

सुमनची माळ भराभर उतरली. माझी रेंगाळली. अव्वांनी त्याचाही घोर लावून घेतला. सुनेचं नशीबच जड म्हणाल्या. मग एका सकाळी तोंड धुताना माझ्या हिरड्यांतून रक्त आलं आणि थांबेना.

त्याच दिवशी नांदेडहून माझा दादा आला. तो शाळेत शिक्षक. मला न्यायला म्हणून नव्हता आला, नुसता भेटायला आला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, पदरावरचं रक्त बघितलं, आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"अप्पा, मी नंदाला आत्ताच्या एस्टीनं नेतो."

अप्पा म्हणाले, "माळ उतरू द्या की."

दादा आवाज न चढवता म्हणाला, "उतरेल तेव्हा उतरेल. मी नेतो."

हे आत गेले आणि माझी पिशवी भरून घेऊन आले. लग्न झाल्यापासून वडलांचा शब्द यांनी पहिल्यांदा मोडला होता. तेही तोंडानं नाही, पिशवी भरून.

निघताना दादा समोरच्या घरात गेला. म्हणाला, सुमनलाही चला. काशीकाकूंनी लेकीला पुढं करून दाखवलं. "बगा की, माळ कमरेपस्तोर आली. बरी व्हून राहिली ती. अन् तिच्या सासरी इचारल्याबिगर कशी धाडू?" सुमन दारात उभी होती. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली, तुम्ही व्हा पुढं अशी.

आज वार कोणता

अहमदपूरच्या डॉक्टरांनी मला बाकावर बसूही दिलं नाही. थेट नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले.

तिथल्या डॉक्टरबाई लहानखुऱ्या, घाईत चालणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दादाला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण परत आलेल्या दादाचा चेहरा मी वाचला. नंतर मीच त्यांना विचारलं, "मी मरणार का?" त्या खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "ही कावीळ एरवी माणसं अंगावर काढतात. पोटुशी बाईला मात्र ती वाईट. बऱ्याच वाचतात, काही नाही वाचत. आत्ता तू शुद्धीत आहेस, मला प्रश्न विचारतेस, हे चांगलं आहे." खोटं बोलल्या नाहीत, त्याचे मी आजही आभार मानते.

रोज सकाळी त्या यायच्या आणि तीन गोष्टी करायच्या. हात पुढं करून पंजे वर धरायला सांगायच्या, हात थरथरतात का बघायच्या. नाव आणि गाव विचारायच्या. मग विचारायच्या, "आज वार कोणता?"

पहिल्या दिवशी मला हसू आलं. सिस्टरकडून कारण कळल्यावर हसू गेलं. काविळीचं विष डोक्यात चढलं की माणूस आधी वार विसरतं. त्यानंतर माझा सगळा दिवस त्या एका प्रश्नाची तयारी करण्यात जायचा. जाग आली की डोळे न उघडता आधी वार म्हणायचा. काल गुरुवार होता, म्हणजे आज शुक्रवार. उशाशी बसलेल्या माझ्या आईला विचारून खात्री करायची. मग वाटायचं, आईचाच चुकला असेल तर? जेवणाच्या गाडीवाल्याला विचारायचं. पोटातलं बाळ हललं की त्याला सांगायचं, शुक्रवार आहे रे, शुक्रवार. परीक्षेची इतकी भीती मला शाळेतही वाटली नव्हती.

अंगाला खाज सुटायची. ती कशी असते हे सांगता येत नाही. कातडीच्या वर नसते, आत असते. शेजारच्या खाटेवर किनवटकडची एक मुलगी होती आणि तिच्याजवळ तिची सासू भीमाबाई. जंगलातल्या खेड्यातली बाई, बोलायची कमी. तिनं एकदा माझी तगमग बघितली, स्वतःच्या केसातली लाकडी फणी काढली, धुतली, आणि माझ्या लुगड्यावरूनच पाठीवरून हळूहळू ओढायला लागली. नखांनी ओरबाडलं असतं तर रक्त आलं असतं. फणीनं खाज जायची आणि कातडी शाबूत राहायची. दुपारी तिची सून झोपली की ती न बोलवता यायची. आईला तोवर जरा पाठ टेकता यायची. बरं झाल्यावर मी कितीदा म्हटलं, किनवटला जाऊन तिला भेटू. गावाचं नावच विचारायचं राहून गेलं.

फिरकीचे तांबे

गावाकडून माणसं येत-जात होती. हे एका दिवसाआड यायचे. मी सुमनची चौकशी केली की "बरी हाय" म्हणायचे आणि लगेच डब्याचं, दुधाचं काही काढायचे.

एका सकाळी यांच्याबरोबर अप्पा आले. पहिल्यांदाच. धोतर, टोपी, कपाळावर भस्म, आणि दोन्ही हातांत पितळेचे मोठे, फिरकीच्या झाकणाचे तांबे. बायकांच्या वॉर्डात यायला ते लाजत होते. आई आणि दादा खाटेपाशीच होते. मी पदर ओढून घेतला. ते माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "इथलं पाणी तिला मानवना झालंय जणू. म्हणून गावचं आणलंय. सवयीचं पाणी पोटाला बरं."

दुष्काळात, एस्टीच्या गर्दीत, मांडीवर दोन भरलेले तांबे धरून तो माणूस गावाहून आला होता. घरच्या वाट्याचं पाणी होतं ते. त्या माणसाचं प्रेम बोलून दाखवायची पद्धत हीच होती.

आईनं पेल्यात ओतलं. मी प्यायले. चव ओळखीची लागली.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. तांबे बघून थांबल्या.

"हे पाणी कुठलं?"

"आमच्या गावचं हाय," अप्पा म्हणाले. "नळाचं. योजना हाय आमच्याकडं." दवाखान्यातसुद्धा ते शब्द म्हणताना त्यांची मान ताठ झाली.

बाईंनी पेला उचलून उजेडाकडं धरला. पाणी स्वच्छ दिसत होतं. त्यांनी वास घेतला. "पावडर टाकता?"

"टाकत हुतो. लोकं पिईनात, म्हणून..."

"गावात अजून कुणाला कावीळ आहे?"

अप्पांनी तांब्यांकडं बघितलं. यांनी सांगितलं, "घरटी एक हाय म्हणा."

बाई म्हणाल्या, "हिला कावीळ ह्याच पाण्यानं झाली असणार. हिला जे व्हायचं ते होऊन गेलं, आता हे पाणी पिऊन काविळीत भर पडायची नाही. पण हे अजून कोण पितंय? गावात पोटुशी बायका किती आहेत?"

अप्पांना ते सांगता येईना. गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध त्यांना माहीत. पण पोटुशी बायका किती, ते कुठल्या पुरुषाला माहीत असतं? मी पदराआडून बोलले. लग्नानंतर सासऱ्यांशी मी थेट असं कधी बोललेच नव्हते.

"चार आहेत. मळ्यातली गंगू, सुताराची सून, दर्ग्याजवळची रेहाना. आणि सुमन. सुमन पाच-सहा दिवसांत मोकळी व्हायची असेल."

माझं बोलणं संपलं. हे खाली बघायला लागले. आईनं माझा पाय दाबला. मी यांच्याकडं बघितलं, मग दादाकडं. दादा खिडकीकडं वळला.

"सुमनचं काय?"

शेवटी अप्पाच बोलले. भिंतीकडं बघून बोलले. "सुमन गेली, माय. बाळासगट. तू इकडं आलीस त्याच्या चौथ्या दिशी."

अप्पा मला कधी "माय" म्हणाले नव्हते.

मी रडले नाही. मला आतून अशी थंडी वाजायला लागली, की दात वाजायला लागले. चुन्याच्या त्याच पाण्यात तिचा हात माझ्या हाताशेजारी होता. त्याच खड्ड्यातलं पाणी दोघींनी प्यायलं होतं.

मी म्हणाले, "अप्पा, नळ बंद करा."

"अन् लोकं काय पितील?" ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारत होते. "टँकर येतो तो हिरीतच वततो. नळ बंद केला तर गाव तोंडाला काय लावंल?"

बाईंनी उत्तर दिलं. "टँकर विहिरीत ओतू नका. घागरी त्याच्यावरच भरू द्या आणि प्रत्येक घागरीत पावडरीचं पाणी मोजून टाका. वास येईल, येऊ द्या. पोटुशी बायकांना उकळलेलं पाणी द्या. सरपण नसलं तर तुमच्या घरचं द्या. खड्डे बुजवा. तोवर नळ सोडू नका."

"लोकं मला गावात राहू देणार न्हाईत, बाई."

"असेल," बाई म्हणाल्या. "तीन बायका राहिल्यात." आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

अप्पांनी तांबे उचलले. ते कुठं ओतावेत ते त्यांना कळेना. वर्षभर गावात कुणी पाणी जमिनीवर ओतलं नव्हतं. मोरीपाशी जाऊन ते उभे राहिले. मग एक तांब्या उलटा केला, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. मग दुसरा. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या.

मधलं न आठवणारं

त्यानंतर एका सकाळी मी वार चुकवला. मी म्हणाले सोमवार. मला पक्कं ठाऊक होतं की सोमवार आहे. बाई पुन्हा म्हणाल्या, "नीट आठव." मी म्हणाले, सोमवारच आहे, तुम्ही मला उगीच फसवताय. आई सांगते, मी त्यांच्यावर ओरडले. मग हात पुढं केले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले.

पुढचं मला आईकडून कळलं. मी झोपेत गेले. हाक मारली तर डोळे उघडायचे, पण ओळख द्यायचे नाहीत. त्यातच कळा सुरू झाल्या. बाळ झालं, मुलगी, वेळेआधी आलेली, दादाच्या दोन ओंजळींत मावेल एवढी. मला रक्त फार गेलं. दादानं रक्त दिलं, यांनी दिलं, आणि भीमाबाईनं सुनेची खाट सोडून आईला धरून बसवलं. बाईंनी यांना सांगितलं होतं, दोन्हीकडून आशा धरू नका. यांनी विचारलं, "कुठल्या बाजूनं धरू?"

मी जागी झाले तेव्हा ऊन होतं. बाई समोर उभ्या होत्या. वार विचारला नाही त्यांनी. मीच विचारला. "बुधवार," त्या म्हणाल्या. "आणि तुला मुलगी झालीय."

गावात काय झालं

हे यांच्याकडून ऐकलेलं.

अप्पा दवाखान्यातून परतले आणि घरी न जाता टाकीवर गेले. वाल बंद केला, चावी कमरेला खोचली. मग घरी येऊन फावडं घेतलं आणि आपल्या अंगणातला खड्डा आपल्या हातानं बुजवला. गडी पुढं झाला, तर त्याला म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. म्याच सांगितला हुता खणायला."

संध्याकाळी चावडीवर माणसं जमली. कुणी म्हणालं, सून मरायला लागली तेव्हा सरपंचाला जाग आली. अप्पा म्हणाले, "हाव. तवाच आली. सुमन गेली तवा यायला पायजे हुती." तरी दुसऱ्या दिवशी एका खड्ड्यावर हाणामारी झालीच. अप्पांच्या खांद्याला कुदळीचा दांडा लागला. ते तसेच खड्ड्याच्या कडेला बसून राहिले आणि भर पडेपर्यंत उठले नाहीत.

आरोग्यसेवकांना घेऊन ते लातूरला गेले. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या तेव्हा भाड्याच्या खोल्यांत होत्या, एक या पेठेत, दुसरी त्या रस्त्यावर. ते विचारत विचारत फिरले आणि पाण्याचा साहेब भेटेपर्यंत परत आले नाहीत. मग जीप आली, पाण्याचे नमुने गेले, गटारीजवळचा पाईप उकरला. तो कुजलेला निघाला. नमुना चांगला आल्यावरच नळ पुन्हा सुटले. त्यानंतर पावडर टाकायला अप्पा स्वतः शिडी चढायचे. पडाल म्हणून अव्वा रागवायच्या.

गंगूला आणि सुताराच्या सुनेला काही झालं नाही. रेहानाला कावीळ झाली, पण डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी अप्पांनी तिला जीपमधून नांदेडला धाडलं. ती वाचली. तिचा मुलगा आज माझ्या मुलीच्या वयाचा आहे.

काशीकाकूंच्या दारात अप्पा गेले होते. काकूंनी दार उघडलं, अप्पांना बघितलं, आणि पुन्हा लावून घेतलं. अप्पा पुढं बरीच वर्षं जगले, पण ते दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. त्यांनी त्याची तक्रार कधी केली नाही.

काशीकाकू

मुलीचं अंग भरल्यावर मी गावी आले. डोळे पांढरे झाले होते, पण उभी राहिले की पाय लटपटायचे. तेल-तूप बंद. अव्वा स्वतः वरण-भात कालवून भरवायच्या आणि माळेचं नाव काढत नव्हत्या.

मी ओट्यावर बसत नव्हते. समोर बघायची हिंमत नव्हती. मी वाचले, माझी मुलगी वाचली, हे त्या घरासमोर उजेडात मांडून बसायचं कसं?

एका दुपारी काशीकाकूच आल्या. अव्वा चटकन उठून आत गेल्या. मुलगी झोळीत होती. काकूंनी तिकडं बघितलं नाही. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. बारीक झाल्या होत्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग म्हणाल्या, "नंदे, एक इचारू का?"

"विचारा की, काकू."

"तू बी तसलीच पडली हुतीस म्हनं. हाक मारली तर वळखत नव्हतीस. माझी सुमी बी तशीच पडली. दीड दिस. डोळे उघडायची, पर मला बघायची न्हाई. मी ओरडून ओरडून हाका मारल्या." त्यांनी बोटाचा पदर सोडला. "तितं काय व्हतंय? दुखतंय का गं लई? तू तितनंच आलीस म्हनून इचारते. दुसऱ्या कुनाला इचारू?"

मला हे कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, यांनी नाही. मी आठवून बघितलं. खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं काय ते मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

"दुखत नाही, काकू," मी म्हणाले. "खाज गेली होती. ओकारी गेली होती. भ्यासुद्धा वाटत नव्हतं. माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण काय बोलतात ते कळत नाही. ती आपलीच आहेत एवढं कळतं. झोप येते. लई गाढ."

"अन् मानूस? जवळ कोन हाय ते कळतं?"

"तोंड नाही कळत. पण हात कळतो. आईनं माझा हात धरला होता. आईचा आहे हे कळलं नाही मला. पण कुणीतरी धरलाय आणि सोडत नाही, एवढं शेवटपर्यंत कळत होतं."

काशीकाकू माझ्याकडं बघत राहिल्या. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी नाही. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं बघितलं.

"म्या सोडला नव्हता," त्या म्हणाल्या. "ती थंड झाल्यावर बी लई येळ सोडला नव्हता."

आणि तेव्हा त्या रडल्या. झोळीतली मुलगी त्या आवाजानं जागी झाली, ती कुरकुरायला लागली. मी उठायला गेले, तर पाय साथ देईनात. काकूंनी डोळे पुसले, भिंतीला धरून उठल्या, झोळीपाशी गेल्या आणि तिला उचलून घेतलं.